सतरा नंबरची हाक

शुक्रवारी दुपारी केतकीचे बाबा धक्क्यावर उभे राहून टोपलीतले बांगडे निवडत होते. आणि त्याच क्षणी, धक्क्यावरच्या मोठ्या फळ्यानुसार, ते अकरा किलोमीटर आत, भर समुद्रात होते.

एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. फळ्याला मात्र ते कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

हा फळा म्हणजे शाळेतला खडूचा फळा नव्हे, तर समुद्राचा नकाशा दाखवणारा मोठा पडदा. ही गोष्ट आहे २०४३ सालची. खडपेबंदरच्या बेचाळीसही होड्या तेव्हा डिझेलवर नाही, उन्हावर चालत. प्रत्येक होडीवर एक डबी बसवलेली असे. ती दर मिनिटाला आपण कुठे आहोत ते सांगे. हा निरोप टेकडीवरच्या टॉवरला मिळे, आणि तिथून बर्फाच्या कारखान्याशेजारच्या खोलीतल्या सर्व्हरकडे (इतर यंत्रांची कामं करून देणारा, कधीच न झोपणारा संगणक) येई. सर्व्हर त्या होडीचा हिरवा ठिपका फळ्यावर हलवी. घरची माणसं फळ्याकडे एक नजर टाकत आणि निर्धास्तपणे भात टाकायला जात. गावानं या सर्व्हरचं नाव ठेवलं होतं राखणदार. पहिल्या दिवशी त्याच्यापुढे नारळसुद्धा फोडला होता, फक्त पाणी आत जाऊ नये म्हणून जरा लांब.

तर त्या शुक्रवारी केतकीची आई चाळीस मिनिटं एका जागी थिजलेल्या ठिपक्याकडे बघत उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मागून येऊन बाबांनीच विचारलं, "काय बघतंस गो?" आई दचकली, मग इतकी चिडली की संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. सगळा धक्का पोट धरून हसला.

केतकी हसली नाही.

कारण राखणदाराला जोडलेली सगळ्यात नवी गोष्ट तिची होती. तीन आठवड्यांपूर्वी, एका रविवारी, सातवीतल्या केतकी कुबलनं किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांजवळ एक कॅमेरा लावला होता. अंडी फुटून पिल्लं केव्हा बाहेर येतात ते वनखात्याला कळावं म्हणून तो सारखे फोटो पाठवत असे. त्याची वायर थेट राखणदारापर्यंत गेली होती. आणि फळा उशीर करायला लागला तो त्यानंतरच.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती धक्क्यावर आली, तर मच्छीमार सोसायटीचे चेअरमन बाबल तांडेल तिची वाटच बघत होते.

"गो केतक्या, तुझो तो कॅमेरो सगळा नेट खाता," ते म्हणाले. बाबलकाका वाईट नव्हते, पण आवाज असा की हळू बोलले तरी पलीकडच्या वाडीत ऐकू जाई. "आज एकतीस होडये बाहेर आसत. दुपारी वारो सुटतलो म्हणतत. वारो सुटायच्या आधी तो बंद होवक व्हयो."

त्या एकतीस होड्यांत बाबांची 'चंद्रिका' होती. फळ्यावर तिचा ठिपका बारा किलोमीटरवर होता आणि बराच वेळ हललेला नव्हता. खरंच तिथे होती, की आणखी कुठे? केतकी बर्फाच्या कारखान्याकडे धावत सुटली.

राखणदाराच्या गार खोलीत दिगू आजोबा कोकम सरबत पीत बसले होते. हे केतकीच्या आईचे काका. तीस वर्षं पुण्याजवळ लाटा मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करून गावी परतलेले. राखणदार त्यांनीच उभा केला होता. इतकी वर्षं बाहेर काढल्यामुळे ते पुस्तकी बोलत, आणि त्यांच्याशी बोलताना केतकीही शाळेतली भाषा वापरी. घाबरली नसेल तेव्हा.

आज तिनं सरळ कॅमेऱ्याच्या वायरला हात घातला. "आजोबा, मी काढतंय ही. माझ्यामुळे बाबा दिसत नाय."

"काढ हवं तर," आजोबा शांतपणे म्हणाले. "पण समज, दोष कॅमेऱ्याचा नसला, तर? आपण निश्चिंत होऊन घरी जाऊ आणि फळा खोटं बोलतच राहील. ज्याच्यावर संशय आहे त्याला आधी बघू तरी. दहा मिनिटं लागतील."

"नेट कसं बघणार? ते काय दिसतं?"

"दिसतं. ये, काळी खिडकी उघड."

काळी खिडकी म्हणजे कमांड लाइन (चित्रं नाहीत, बटणं नाहीत, आज्ञा टंकायची आणि यंत्राचं उत्तर वाचायचं). केतकी खुर्चीवर बसली. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ उघडमीट करत तिच्या आज्ञेची वाट पाहू लागली.

"आधी एवढं समजून घे," आजोबा म्हणाले. "नेटवरून काहीही पाठवलं, तुझा फोटो असो की होडीचा ठिकाणा, तरी ते अख्खंच्या अख्खं जात नाही. त्याची पॅकेट बनतात, म्हणजे छोट्या छोट्या पुड्या. प्रत्येक पुडीवर दोन पत्ते असतात: पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. या सगळ्या पुड्यांची ये-जा म्हणजे ट्रॅफिक."

"मग आपण लोकांच्या पुड्या उघडून वाचणार?"

"छे! पुडी उघडायची नाही. पत्ता बघायचा आणि वजन बघायचं, बस्स. तेवढ्यावरून पुष्कळ कळतं. आणि तेही ज्याच्या ताब्यात सर्व्हर आहे त्यानंच करायचं. म्हणून आज्ञेच्या आधी 'सुडो' लिहायचं (मालकाच्या अधिकारानं हे कर, असं सांगणारा शब्द). मग मी पासवर्ड देईन, आणि तू तिकडे तोंड फिरवशील."

केतकीनं इमानदारीत तोंड फिरवलं.

पहिलं अवजार आधीपासूनच राखणदारात होतं. त्याचं नाव व्हीएनस्टॅट. रोज किती माहिती आली आणि किती गेली, एवढंच ते गुपचूप टिपून ठेवी. "हे मी पहिल्याच दिवशी लावून ठेवलं होतं," आजोबा जरा ओशाळून म्हणाले. "बघायचं मात्र राहून गेलं."

केतकीनं आज्ञा दिली. पडद्यावर दिवसांची यादी आली, प्रत्येक दिवसापुढे एक आडवी पट्टी. महिन्याच्या सुरुवातीला सगळ्या पट्ट्या नखाएवढ्या होत्या. मग एका रविवारपासून त्या वाढत वाढत गेल्या होत्या, आणि कालची पडद्याच्या टोकाला जाऊन टेकली होती.

तो रविवार कुठला, हे केतकीला तारीख न वाचताही कळलं. त्याच दिवशी तिनं कॅमेरा लावला होता.

"बघितलात?" तिनं त्या रविवारच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"बघितलं. पण व्हीएनस्टॅट फक्त 'किती' ते सांगतं, 'कोण' ते सांगत नाही. त्यासाठी दोन अवजारं मागवावी लागतील."

तिनं टंकलं: सुडो ॲप्ट इन्स्टॉल आयएफटॉप नेटहॉग्ज. 'ॲप्ट इन्स्टॉल' म्हणजे भांडारातून आणून इथे बसव. पण अवजारं येणार होती ती त्याच तुंबलेल्या नेटवरून! टक्के मुंगीच्या पावलांनी सरकू लागले. सात. आठ. खिडकीबाहेर माडांचे शेंडे हलायला लागले होते. वीस. केतकीनं सरबताचा पेला हातात धरला आणि एक घोटही घेतला नाही. साठ.

शंभर.

तिनं घाईघाईनं आयएफटॉप चालू केलं. पडद्यावर ओळी उमटल्या. प्रत्येक ओळीत दोन पत्ते आणि त्यांच्यामधल्या ट्रॅफिकची पट्टी. सगळ्यात जास्त बोलणारा सगळ्यात वर. वरच्या ओळीतला पत्ता ४० नं संपत होता. ४० हा कॅमेऱ्याचा नंबर. तिनंच दिला होता तो.

केतकीला रडूच फुटलं. "माझोच तो कॅमेरो! मीच केलंय! बाबा थय समुद्रात आसत नि फळो..." पुढचं हुंदक्यात गेलं.

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग चष्मा नाकावर सरकवून पडद्याकडे वाकले. "केतकी, तू कुठल्या दाराशी उभी आहेस?"

"दार?"

"राखणदाराला दोन दारं आहेत. त्यांना इंटरफेस म्हणतात (सर्व्हरमध्ये माहिती आत-बाहेर जाण्याची वाट). एक दार वायरचं. त्यावर फक्त तुझा कॅमेरा आणि धक्क्यावरचा फळा. दुसरं दार बिनवायरचं, टॉवरकडे उघडणारं. सगळ्या होड्या तिथून येतात, आणि तुझे फोटोही वनखात्याकडे तिथूनच जातात. तू दार सांगितलंच नाहीस, म्हणून आयएफटॉपनं पहिलं दिसलं ते उघडलं. जिथे दोघंच जण आहेत तिथे जास्त बोलणारा पहिलाच येणार! शिवाय पट्टीपुढचा आकडा वाच. किती आहे?"

केतकीनं बाहीनं डोळे पुसले. "सेकंदाला चाळीस किलोबिट." (बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान कण, एक किलोबिट म्हणजे असे हजार कण.)

"आणि टॉवरच्या वाटेची बँडविड्थ, म्हणजे वाटेची रुंदी, आहे दोन हजार. दोन हजारांत चाळीस. आता मला सांग, एवढ्यानं वाट तुंबेल?"

केतकीला उत्तर सुचत होतं, पण त्यावर विश्वास ठेवायचं धाडस होत नव्हतं. तिनं आयएफटॉप बंद केलं. त्यासाठी क्यू हे एकच अक्षर दाबायचं असतं. मग आज्ञेत दुसऱ्या दाराचं नाव घालून ते पुन्हा चालू केलं.

आणि पडद्यावर एक पट्टी डावीकडून जी निघाली ती पार उजव्या कडेपर्यंत पोचली. एकोणीसशे किलोबिट! राखणदाराकडून १७ नं संपणाऱ्या पत्त्याकडे. त्याखाली होड्यांच्या चिमुकल्या पट्ट्या, कशाबशा तग धरून असलेल्या. कॅमेरा त्यांच्यातच कुठेतरी होता, गरीब बिचारा, आपले चाळीस घेऊन.

"मी नाय!" केतकी खुर्चीवरून उठलीच. "आजोबा, मी नाय! कॅमेरा नाय!"

तिच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की तिनं सरबताचा अख्खा पेला एका दमात संपवला. आणि डोकं हलकं झालं तसं तिला आणखी एक गोष्ट सुचली. "मघाच्या पट्ट्या रोज वाढत होत्या ना? पण माझा कॅमेरा रोज तेवढेच फोटो पाठवतो. तो असता तर एकदाच वर जाऊन सगळ्या सारख्या राहिल्या असत्या!"

"शाबास! हे तुला तेव्हाच दिसलं असतं. भीती वाटली की माणूस आकडे वाचत नाही, शिक्षा वाचतो." आजोबा हसले. "आता या सतराकडे नीट बघ. जाणारी पट्टी केवढी, आणि येणारी?"

येणारी होती शून्य. राखणदार ओरडून ओरडून काहीतरी सांगत होता, आणि समोरून हूं की चूं नाही.

"बरं, हे पाठवतंय कोण? राखणदाराच्या आत तर वीस कामं चालतात. आता नेटहॉग्ज काढ. नावाचा अर्थच मुळी 'नेट हादडणारी डुकरं'. कुठला प्रोग्रॅम किती हादडतोय ते हे दाखवतं."

केतकी खुदकन हसली. कालपासूनचं तिचं हे पहिलंच हसू. तिनं आज्ञा दिली. यादीत सगळ्यात वर एक नाव होतं: हाक.

आणि आजोबांचा चेहरा उतरला.

"हा तर माझा प्रोग्रॅम," ते हळूच म्हणाले. "डबीकडून निरोप आला नाही, तर राखणदार तिला विचारतो, 'कुठे आहेस?' तो लिहिताना मी धक्क्यावर सगळ्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, होडीनं उत्तर दिलं नाही तर आम्ही काठावरून आणखी जोरात, आणखी भराभर हाका मारतो. यंत्रानंही तसंच करावं. मला पटलं. उत्तर नाही आलं की हाका वाढवायच्या, असं मी लिहिलं. थांबायचं कधी, ते लिहायचंच राहिलं."

"म्हणजे तीन आठवडे तो एकाच होडीला हाका मारतोय?"

"सेकंदाला हजारो. आणि टॉवरची वाट म्हणजे एकेरी पूल, एका वेळी एकाच बाजूनं जाता येतं. पुलावर या हाकाच हाका, त्यामुळे होड्यांचे निरोप पलीकडे रांगेत अडकलेले. चंद्रिकाचा निरोप निघाला वेळेवर, पोचला चाळीस मिनिटांनी."

"पण सतरा नंबर आहे कोण?" केतकीनं होड्यांची यादी उघडली. सतराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. मग तिनं सावकाश मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

बाहेर वाळूवर 'जयंती' पालथी पडली होती. बाबलकाकांची जुनी होडी. सव्वीस वर्षं समुद्रात काढून म्हातारी झालेली. तीन आठवड्यांपूर्वीच्या त्याच रविवारी दहा माणसांनी तिला ओढत वर आणलं, उलटी करून चार खांबांवर ठेवली, आणि तिच्या सावलीत कासवांची अंडी पुरली. केतकीनं कॅमेरा बांधला होता तो तिच्याच तळाच्या फळीला.

राखणदार जिला वेड्यासारखा समुद्रभर हाका मारत होता, ती दीडशे पावलांवर होती.

बाबलकाकांना बोलावणं गेलं. ते आले, पडद्याकडे बघितलं, आणि डोक्यावरची टोपी हळूच काढली. त्यांच्या डबीची गोष्ट आता उलगडली. होडी वर काढल्यावर त्यांनी डबी घरी नेली होती आणि बॅटरी काढून, हळदकुंकू लावून देवापुढे ठेवली होती. यादीतलं नाव मात्र तसंच ठेवलं होतं.

"नाव कसा पुसू?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच खोलीबाहेर गेला नाही. "आमच्यात बुडालेल्या होडयेचाच नाव पुसतत. जयंती बुडाली नाय. ती म्हातारी झाली." मग ते केतकीकडे वळले. "नि मी तुका बोललंय. चुकलंय गो बाय."

खडपेबंदरात ही रीत सगळ्यांना ठाऊक होती. केतकी आजोबांकडे बघू लागली. आजोबा डोकं खाजवत होते. राखणदाराला होडीच्या दोनच अवस्था कळत: बंदरात किंवा समुद्रात. बंदरात लिहावं तर डबीचा निरोप हवा, आणि नाव पुसायचं तर बाबलकाकांचा जीव तुटणार.

"तिसरी करूया ना," केतकी म्हणाली. "विसावलेली. नाव राहील, ठिपकाही राहील. फक्त तिला हाक मारायची नाही."

बाबलकाकांनी नाक ओढलं आणि मान डोलावली.

आजोबांची बोटं भराभर चालू लागली. तिसरी अवस्था तयार झाली. त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: दहा हाकांना उत्तर आलं नाही, तर हाका थांबव आणि माणसांना बोलाव. "हे पहिल्याच दिवशी हवं होतं," ते पुटपुटले. मग केतकीनं सतरा नंबरपुढे लिहिलं, विसावलेली, आणि शेवटचं बटण दाबायला बाबलकाकांना पुढे केलं.

आयएफटॉप उघडंच होतं. ती लांबलचक पट्टी आखडत आखडत गेली आणि दिसेनाशी झाली. उरल्या होड्यांच्या लहान लहान पट्ट्या, जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोन्हीकडून बोलणाऱ्या.

केतकी धक्क्याकडे पळाली. आई आधीच फळ्यासमोर उभी होती. वारा आता चांगलाच सुटला होता, तिचा पदर फडफडत होता. आणि फळ्यावर ठिपके उड्या मारत होते! रांगेत अडकलेले निरोप पोचले, आणि एकेक होडी आपापल्या खऱ्या जागी आली. कुणी पाच किलोमीटरवर, कुणी तीन. चंद्रिका बारावरून उडी मारून थेट काळ्या खडपाच्या, बंदराजवळच्या खडकाच्या, मागे आली. जेमतेम एक किलोमीटर! वाऱ्याचा रंग बघून सगळे केव्हाच माघारी फिरले होते. फळ्यालाच तेवढं माहीत नव्हतं.

आईचा जीव भांड्यात पडला. तिनं केतकीला जवळ ओढलं, आणि दोघी खडपाकडे बघत राहिल्या. थोड्याच वेळात तिथून चंद्रिकाचं निळं नाक दिसलं.

त्या दिवशी एकतीसच्या एकतीस होड्या सुखरूप आत आल्या. सोसायटीनं ठरवून टाकलं की दर रविवारी सकाळी केतकीनं काळी खिडकी उघडायची आणि कोण किती बोलतंय ते बघायचं. शेजारच्या दोन बंदरांनाही असे राखणदार मिळणार होते. ते आले की तिथल्या मुलांना हे शिकवायचं, असं केतकीनं आजोबांना बजावलंसुद्धा. फळ्यावर वाळूच्या जागी एक नवा पिवळा ठिपका आला होता. बाबलकाका जाता-येता त्याच्याकडे बघून घसा साफ करत. त्या ठिपक्याच्या सावलीत पिल्लं महिन्याभरात निघतील, असं वनखात्याचं म्हणणं होतं. कॅमेरा चालूच होता.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बाबा दोर बांधून धक्क्यावर चढले, तेव्हा केतकी धावत जाऊन त्यांच्या कमरेला बिलगली. त्यांच्या ओल्या बनियनला मासळीचा वास येत होता.

"बाबा, माझ्या कॅमेऱ्यामुळे तू फळ्यार दिसाक नाय, असा माका वाटला."

बाबांना पुढचंमागचं काही माहीत नव्हतं. ते तिच्याकडे बघून हसले. मग त्यांनी हनुवटी धरून तिचं तोंड फळ्याकडे वळवलं. "मगे, आता मी खय आसंय?"

केतकीनं पाहिलं. चंद्रिकाचा ठिपका धक्क्याच्या रेषेला अगदी चिकटून उभा होता.

"हयसर," पायाखालच्या धक्क्याकडे बोट दाखवत ती म्हणाली.

आणि फळ्यानंही तेच सांगितलं.